मोठ्या आईचं तोंड भिंतीकडे

दिवाणखान्यातल्या फायरप्लेसच्या कट्ट्यावर काळं काहीतरी पडलेलं दिसलं, तेव्हा चित्रांच्या बाईंना आधी तो झुरळाचा पंख वाटला आणि जरा बरंही वाटलं. झुरळांवर औषध असतं. त्यांनी ते नखाने उचलून चष्म्याजवळ नेलं, उलटं केलं. एका बाजूने काळं, दुसऱ्या बाजूने मातकट पांढरं. झुरळाच्या पंखाला अस्तर नसतं. बाईंनी मान वर केली.

चित्रातली बाई नेहमीप्रमाणे खाली बघत होती. काळा पोशाख, गळ्याशी पांढरी झालर, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात, आणि सगळ्यांनी मिळून काहीतरी सांडलंय पण पुसायचं आपल्यावर आलंय, असा चेहरा. उजव्या बाहीवर, पापुद्रा सुटला होता तिथे, फिकट डाग दिसत होता. त्याचं एवढं काही नव्हतं. बाही काळी, मोठी आणि बिनमहत्त्वाची होती. पण डाव्या गालावर, म्हणजे चित्रीकरणाचा मोठा दिवा ज्या बाजूला उभा करत त्या बाजूला, रंग फुगून आला होता. भाजल्यावर फोड येतो तसा. तो फुटला की गाल जाणार होता, आणि गाल गेला की नाक राहून काय करणार?

मोठ्या घरात गेली काही वर्षं एका मालिकेचं चित्रीकरण चालू होतं. घराला सगळे ‘मोठं घर’च म्हणत. मालकांच्या कुणा पूर्वजाने व्यापारात मिळवलेलं सगळं दगडात घातलं, आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी मिळवण्याऐवजी राहणं पत्करलं. छप्पर गळायला लागलं तेव्हा घर लोकांना दाखवायला खुलं झालं. ते आणखी गळायला लागलं तेव्हा मालिका आली. मालिकेने छपराची अर्धी बाजू दुरुस्त केली होती. उरलेली अर्धी कथानक कसं वळतं त्यावर अवलंबून होती.

चित्रांच्या बाईंच्या दारावर ‘अभिरक्षक’ अशी पाटी होती. तो शब्द पाटीवरून कुणाच्या तोंडात कधी आला नाही. बाईंनी जुन्या चित्रांवर डॉक्टरेट केली होती. तुम्ही नेमकं कशात शिकलात, असं सफाईच्या मावशींनी एकदा विचारलं होतं, उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या होत्या, “असू दे.”

फायरप्लेसवरच्या चित्रावर बाईंनी एक निबंधही लिहिला होता. त्याचा सारांश असा, की ही बाई कोण ते माहीत नाही. चित्रकार कोण तेही माहीत नाही. धाकट्या मालकांच्या आजोबांनी ते एका लिलावात घेतलं, कारण फायरप्लेसच्या वर ओल आली होती आणि चित्राची चौकट त्या डागाला पुरून उरत होती. पुढच्या पिढीत ती घराण्यातली दूरची कुणीतरी झाली, त्याच्या पुढच्या पिढीत जवळची. म्हणजे टीव्ही येण्याच्या कितीतरी आधीपासून ती इथे भूमिकाच करत होती. मालिकेने तिला बढती दिली. आता ती ‘मोठी आई’ होती, घरातल्या थोरल्या सुनेची मरून गेलेली, पण हुकूम चालवणारी सासू. घरात काहीही ठरवायचं झालं की सूनबाई तिच्यासमोर येऊन उभी राहायची आणि बोलायची. मोठी आई काही म्हणायची नाही. त्याचा अर्थ प्रेक्षक लावायचे.

बाईंनी शहरातल्या आपल्या जुन्या वर्गमित्राला फोन केला. तो चित्रांचा डॉक्टर होता. पापुद्र्याचं ऐकून तो म्हणाला, “उतरव. आजच. आणि उभं ठेवू नकोस, आडवं ठेव, तोंड वर करून. नाहीतर झाडून गोळा करावं लागेल.”

उतरवायचं म्हणजे आधी तसंचताईची गाठ घ्यायला हवी होती.

मालिकेत मागच्या दृश्यात जे जिथे होतं ते पुढच्या दृश्यात तिथेच आहे ना, हे बघायचं काम ज्या मुलीकडे होतं, तिला सगळे तसंचताई म्हणत. ती प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवायची आणि दिवसभर एकच वाक्य बोलायची, “होतं तसंच हवं.” एका नटाच्या हनुवटीवर पुटकुळी आली, तर ती बरी होऊनही पुढचे कितीतरी दिवस त्याला रंगवून घ्यावी लागली होती, कारण जेवणाचं ते दृश्य लांबलं होतं.

“चित्र काढायचंय,” बाई म्हणाल्या.

“कुठलं? मोठी आई?” तसंचताईने मानही वर केली नाही. “नाही मॅडम. ती प्रत्येक भागात दिसते.”

“तिचा गाल पडेल, अगं.”

“पडला की सांगा. मग पडलेला गाल धरून चालू.”

“त्या जागी छापील प्रत लावा की.”

“लावली होती ना! सूनबाई बोलल्याच नाहीत तिच्याशी.”

हे खरं होतं. सुरुवातीला मालिकावाल्यांनी चित्राची फ्लेक्सवर प्रत करून आणली होती. सूनबाईंचं काम करणाऱ्या नटीने तिच्यासमोर उभं राहून तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, “मला समोरून काहीच येत नाही.” त्या दिवसाचं चित्रीकरण रद्द झालं. मालिका सूनबाईंवर चालत होती, त्यामुळे समोरून काय यायला हवं हे कुणी विचारलं नाही. ती प्रत आता बागेच्या काकांनी लाकडाच्या ढिगावर टाकली होती. पाऊस आला की मोठी आई सरपण कोरडं ठेवायची.

बाई धाकट्या मालकांकडे गेल्या. धाकटे मालक सत्तरीचे होते. थोरले जाऊन बराच काळ लोटला होता, पण त्या पदाला बढती नव्हती. ते वरच्या मजल्यावर एका गळक्या खोलीत, बादलीपासून सुरक्षित अंतरावर, पेपर वाचत बसले होते.

“बाई, करारात आहे,” ते म्हणाले. “जे एकदा पडद्यावर दिसलं ते हलवायचं नाही. माझी खुर्ची दिसली एका भागात, तेव्हापासून मी स्टुलावर बसतोय. बघताय ना?”

“पण ते चित्र मरेल.”

“आणि हे लोक गेले तर छप्पर येईल खाली. मग सगळीच चित्रं मरतील, तुम्ही आणि मीही मरू.” त्यांनी पेपरची घडी केली. ते वाईट नव्हते, नुसते थकले होते. “त्यांच्या गोष्टीत चित्र उतरलं तर खुशाल उतरवा. मी कुठं अडवतोय?”

असं करत बाई कोठीघरात पोचल्या, कारण मालिकेच्या लेखकाला कोठीघर दिलेलं होतं. तिथे पूर्वी लोणी थंड ठेवायचा एक संगमरवरी ओटा होता, त्यावर त्याचा लॅपटॉप असायचा. सकाळी लिहिलेलं दुपारी बोललं जायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याला त्याची लाज वाटून झालेली असायची, म्हणून तो लगेच पुढचं लिहायला घ्यायचा.

“चित्र खाली यायला हवं,” बाई म्हणाल्या आणि पिठाच्या रिकाम्या पिंपावर बसल्या.

“माणसं सांगा, बाई. माणसं मी लगेच खाली आणतो. जिन्यावरून, गच्चीवरून. चित्राचं अवघड असतं.”

“का?”

“माणूस गेला की त्याचा फोटो लावता येतो. चित्र गेलं की त्या जागी काय लावू?” त्याने डोळे चोळले. “जाळू?”

“काय?”

“मालिकेत हो.”

“मालिकेत जळलं की इथेही गेलंच, परत लावता येणार नाही. रविवारी लोक तिकीट काढून तिला बघायला येतात. मालक माझाच फोटो लावतील तिथे.”

“मग चोरी?” असं म्हणून त्याने स्वतःच मान हलवली. “नको. चोरी झाली की चोर लागतो, आणि चोर घरातलाच निघावा लागतो. घरातले सगळे एकेकदा चोर होऊन गेलेत. माळी तेवढा राहिला होता, तर तो परवा बाप निघाला.”

“कुणाचा?”

“ते अजून ठरायचंय.” लेखकाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “तुम्हीच सुचवा काहीतरी. मी फार दमलोय, बाई.”

“मी पण,” बाई म्हणाल्या.

कोठीघरात छान गारवा होता. वर, दिवाणखान्यात, दिवे लावल्याचा खट्ट आवाज आला आणि बाई उठल्या.

बाईंचे यजमान आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून आता निवृत्त झाले होते. ते मालिका बघत नसत. मालिका लागायची तेव्हा ते समोर पेपर धरून बसत, आणि पेपराचं पान मात्र जाहिरातींच्या वेळीच उलटत. त्या संध्याकाळी बाई जेवायला बसल्या तेव्हा पडद्यावर सूनबाई मोठ्या आईला विचारत होती, की धाकट्या जावेला माफ करू की नको. बाई मोठ्या आईच्या डाव्या गालाकडे बघत होत्या. फोड पडद्यावरही दिसत होता. प्रेक्षकांना ते तेज वाटत असावं.

“काय बाई आहे!” यजमान म्हणाले. “ती म्हातारी जिवंत होती तोवर हिला छळून गेली, आणि ही अजून तिला विचारल्याशिवाय चहा टाकत नाही. मी असतो ना, तर तिचं तोंड भिंतीकडे केलं असतं.”

“चित्र काढून टाकलं असतंस?”

“छे! काढायचं कशाला? काढलं की ती सुटली. राहू दे तिथेच. बस म्हणावं भिंत बघत.”

बाईंचा हात तोंडाशी थांबला. “परत बोल.”

“काय?”

“आत्ता बोललास ते.”

“मी बघत नाही म्हटलं ना,” यजमान म्हणाले आणि पेपरात शिरले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोठीघरात जाऊन यजमानांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. चित्र तिथेच राहील, पण दिसेल फक्त चौकटीची पाठ. पाठ कुणाचीही चालते. मधल्या काळात खरं चित्र चौकटीतून काढून डॉक्टरकडे नेता येईल.

लेखकाने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडले.

“तुमचे मिस्टर काय करायचे?”

“भूगोल शिकवायचे.”

“बरं झालं. आमच्यात आले असते तर भूगोलही गेला असता आणि तेही.” त्याने लॅपटॉप पुढे ओढला. “सून बंड करते. सगळ्यांसमोर. आजवर एक शब्द उलट बोलली नाही, आणि एकदम तोंड फिरवते सासूचं. देवा! लोक ताटावरून उठतील.”

दृश्य दोन तुकड्यांत घ्यायचं ठरलं. आधी सूनबाई मोठ्या आईकडे शेवटचं बघणार, मग चित्र उतरवून रिकामी चौकट उलटी लावायची आणि ती फिरवल्याचा शॉट घ्यायचा. शेवटचं बघणं मात्र खऱ्या चित्राकडेच बघून होणार, यावर सूनबाई ठाम होत्या. बाईंनी दिवेवाल्याला विनवलं, की दिवा तालमीत तरी बंद ठेवा.

“बाई, हा विझवला की पुन्हा नीट पेटायला वेळ घेतो,” दिवेवाला म्हणाला. “माणसासारखा आहे. चालू आहे तोवर चालू द्यावा.”

पहिल्या वेळी वरून विमान गेलं. मग सूनबाईंच्या कानातलं एकच निघालं, आणि मागच्या भागात दोन होती. त्यानंतर सगळं जमलं, पण दिग्दर्शकाला पाणी उजव्या डोळ्यातून हवं होतं आणि ते डाव्यातून आलं. बाई कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहून त्या गालाकडे बघत होत्या. फडताळात ठेवलेलं दूध उतू जाईल का असं कुणी बघत नाही, पण चुलीवरच्या दुधाकडे बघतात, तसं. पुन्हा ‘ॲक्शन’ झालं. आणि दिव्याच्या झोतात एक कण फिरत फिरत खाली येताना त्यांना दिसला. धुळीचा असता तर तरंगला असता. हा सरळ कट्ट्यावर येऊन बसला.

बाई चालत शॉटमध्ये गेल्या.

“कट! कट! अहो, काय हे?” दिग्दर्शक ओरडला.

“झालं,” बाई म्हणाल्या.

“काय झालं?”

“शॉट झाला.”

शॉट झाला की नाही, हे दिग्दर्शकाला आजवर दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. त्याने सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाई सकाळपासून उभ्या होत्या आणि त्यांचा मेकअप मानेपर्यंत आला होता.

“मलाही वाटतंय झालं,” सूनबाई म्हणाल्या.

चौघांनी मिळून चित्र उतरवलं आणि जेवणाच्या मोठ्या टेबलावर आडवं ठेवलं, तोंड वर करून. तसं ठेवल्यावर मोठी आई आजारी माणसासारखी दिसायला लागली आणि सगळे उगाच हळू बोलू लागले. चौकटीतून सुटी करून, खोक्यात घालून, तिला गाडीतून शहरात पाठवलं. रिकाम्या चौकटीला बागेच्या काकांनी एक जुनी फळी ठोकली. चौकट उलटी वर चढली. तसंचताईने तिचे सगळीकडून फोटो काढले.

“आता हे असंच,” ती म्हणाली.

“फळीवर कोळिष्टक आहे, ते पुसून घेऊ दे,” मावशी म्हणाल्या.

“नको. आलंय ना फोटोत? तेही तसंच हवं.”

त्यानंतर मावशींवर एक नवीन काम आलं. कोळिष्टक टिकवायचं.

लेखक म्हणाला होता तसंच झालं. लोक ताटावरून उठले. सूनबाई आता चौकटीच्या पाठीशी बोलायच्या, भांडायच्या, एकदा तर हसल्याही. पाठीशी बोलायला जमतं का, असं बाईंनी त्यांना भीतभीत विचारलं. “न जमायला काय झालं?” सूनबाई म्हणाल्या. “माझे मिस्टर झोपतात तसेच.” रविवारी येणारी माणसं उलट्या चौकटीसमोर उभी राहून आपले फोटो काढून घेऊ लागली. एका काकूंनी तर चौकट भिंतीपासून किंचित ओढून, मागे तोंड घालून बघितलं, आणि मावशींनी हटकल्यावर म्हणाल्या, “रडते का ते बघत होते.”

इतकं चालल्यावर पुढचं येणारच होतं. वाहिनीने ठरवलं, की मोठी आई एका खास भागात पुन्हा वळणार. सूनबाई माफ करणार आणि सगळं पूर्ववत होणार. तारीख जाहीर झाली. पूर्ववत म्हणजे भिंत तीच, दिवा तोच, गाल तोच.

त्याच आठवड्यात डॉक्टरचा फोन आला.

“बाही बसवली, गाल बसवला. बारीक कागद लावून चिकटवलाय, आता हलत नाही. पण उष्णतेत परत नेलंस तर मला सांगू नकोस, मला बघवणार नाही.”

“हं.”

“आता एक सांग. इथेच थांबू, की साफही करू? वरचं वार्निश पिवळं होऊन होऊन चहा झालंय. मी कोपऱ्यात जरा पुसून बघितलं, मग धीर करून ओठाच्या कडेला एवढंसं.”

“आणि?”

“हसतेय.”

“कोण?”

“तुझी ती, आणखी कोण? फार नाही. समोरचा काहीतरी बावळटासारखं बोललाय आणि आपण हसायचं नाही असं ठरवलंय, तितपत. तुझ्या त्या निबंधात ‘कठोर मुद्रा’ होतं ना?”

“होतं,” बाई म्हणाल्या.

“मळ होता तो.”

तसं बघितलं तर निबंध कुणी वाचला नव्हता, त्यामुळे चूक फारशी पसरली नव्हती. पण त्यांच्या डोक्यात निबंध नव्हता, तसंचताई होती. पुटकुळी, कानातलं, कोळिष्टक.

“साफ कर,” त्या म्हणाल्या. “सगळी.”

“मालकांना विचारलंस?”

“मला कामावर घेताना मालक म्हणाले होते, चित्रांचं काय ते तुम्ही बघा. आजवर ते वाक्य वापरायची वेळ आली नव्हती.”

खास भागाच्या आधी बाईंनी साफ झालेल्या चित्राचा फोटो तसंचताईसमोर ठेवला. तसंचताईने तो आपल्या जुन्या फोटोशेजारी धरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पोशाख काळा नव्हताच, गर्द निळा होता. मागे अंधार नव्हता, खिडकी होती. आणि ओठ.

“ही ती नाही,” तसंचताई म्हणाली.

“तीच आहे गं.”

“असेल मॅडम. पण तशी नाही.” तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. “ही इथे लागूच शकत नाही.”

दिग्दर्शक धावत आला. मग लेखक आला, शेवटी धाकटे मालकही जिना उतरून आले. दिग्दर्शकाने बाईंना बाजूला घेऊन, शक्य तितक्या नम्रपणे विचारलं, “हिला परत मळवता नाही का येणार?”

“येईल,” बाई म्हणाल्या. “पण सावकाश मळते ती. मागच्या वेळी दोन-तीनशे वर्षं लागली.”

धाकटे मालक फोटो हातात घेऊन बराच वेळ उभे होते. बाई त्यांच्याकडे बघायचं टाळत होत्या. नोकरी जायची असली तर ती आता जाणार होती.

“आजोबांनी घेतली तेव्हा ही अशी असती,” मालक शेवटी म्हणाले, “तर त्यांनी घेतली नसती.”

“का?”

“आमच्यातली वाटली नसती.” त्यांनी फोटो परत दिला. “उत्तरेच्या छोट्या खोलीत लावा. तिथे गळत नाही.” आणि ते जिना चढून आपल्या स्टुलाकडे गेले.

राहिला प्रश्न खास भागाचा. लेखक म्हणाला, मोठ्या आईचे जुने शॉट आहेतच, ते मध्ये मध्ये टाकू. चौकट वळल्यावर कॅमेरा चौकटीच्या मागे ठेवू, म्हणजे मोठी आई सुनेकडे बघतेय असं होईल. चित्राची गरजच नाही.

“हे आधी नव्हतं का करता येत?” बाईंनी विचारलं.

“येत होतं,” लेखक म्हणाला. “पण आधी गरज नव्हती ना.”

“आणि मी बघू कुणाकडे?” सूनबाई म्हणाल्या. “भोकाकडे? आणि तो सरपणावरचा फ्लेक्स आणलात तर मी आत्ता घरी जाते.”

बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. पहाटे उठून शहरात जाऊन त्या फोटो घेऊन आल्या होत्या, बसमध्ये बसायला मिळालं नव्हतं, आणि आता गाल वाचला होता, नोकरीही राहिली होती, त्यामुळे त्यांच्यात उभं राहण्यापुरतंही काही शिल्लक नव्हतं. हात नकळत एकावर एक आले होते. लेखकाने त्यांच्याकडे हनुवटीने खूण केली.

“ह्यांच्याकडे बघा, ताई. येतंय का समोरून काही?”

सूनबाई वळल्या. बघत राहिल्या.

“येतंय,” त्या म्हणाल्या. जरा घाबरूनच.

फळी काढून रिकामी चौकट दोन स्टँडवर उभी केली. तिच्या मागे खुर्ची, खुर्चीच्या खांद्याशी कॅमेरा. बाईंना बसवलं, चष्मा काढायला लावला, खांद्यावर कुणाची तरी काळी शाल टाकली. काय करायचं, असं त्यांनी विचारलं. काही करू नका, असं सगळे एकदम म्हणाले. ते बाईंना जमण्यासारखं होतं. मोठा दिवा डाव्या बाजूला लागला. सूनबाई समोर आल्या. बाईंना चष्म्याशिवाय त्या धूसर दिसत होत्या, कुणीतरी बाई काहीतरी मागतेय एवढंच कळत होतं, आणि द्यायला आपल्याकडे काय आहे ते आठवत नव्हतं. घरी भाजी नाही, हे मात्र आठवलं. सूनबाई बोलल्या, थांबल्या, आणि दोन्ही डोळ्यांतून रडल्या. दिग्दर्शक पहिल्याच वेळी ‘ओके’ म्हणाला. दिवेवाल्याने न सांगता दिवा विझवला.

“हलू नका मॅडम!” तसंचताई पुढे आली आणि फोटो काढायला लागली. समोरून, बाजूने, हातांचा वेगळा. “शाल हीच. केस कापू नका. वजन वाढवू नका, कमीपण नको.”

“कधीपर्यंत?”

“मालिका आहे तोवर. आता सूनबाई तुमच्याशिवाय बोलणार नाहीत म्हणाल्यात.”

बाईंनी उत्तरेच्या खोलीचा विचार केला. तिथे दिवा नाही, खिडकीतून थंड उजेड येतो. आपण इथे बसलो आहोत तोवर चित्रातल्या बाईला दिव्याखाली कुणी बोलावणार नाही.

“तो दिवा जरा लांब घ्या,” त्या म्हणाल्या. “इकडे चटका बसतो.”

“नाही चालणार मॅडम,” तसंचताई म्हणाली. पुढचं वाक्य बाईंना पाठ होतं.

रविवारी लोक उत्तरेच्या खोलीतूनही जातात. निळ्या पोशाखातल्या बाईसमोर एखादं कुणीतरी थांबतं आणि ही कोण, असं विचारतं. माहीत नाही, असं बाई सांगतात. मग ते पुढे, मोठी आई कुठंय ते शोधत जातात.

खास भाग लागला त्या संध्याकाळी यजमानांनी पेपर धरलाच नव्हता. बाई शेजारी बसून डाव्या गालाला क्रीम चोळत होत्या.

“म्हातारीने शेवटी माफ केलं वाटतं हिला,” यजमान म्हणाले.

“नाही रे,” बाई म्हणाल्या, “म्हातारी दमली होती.”